करडा आब्रा, तांबडा आब्रा

यातांग गावात कुणाचा याक हरवला तर लोक डोंगर धुंडाळायला जात नसत, ओंगमूला बोलावत. ती घरामागच्या खडकावर चढायची, कमरेवर हात ठेवायची आणि अशी काही हाक मारायची की हरवलेला याक तर यायचाच, पण पलीकडच्या कुरणातले न हरवलेले दोन-चारही भीतीनं उठून यायचे. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा तिची सासू निमफूटी शेजारणीला म्हणाली होती, "पोरगी चांगली आहे. कामाला वाघ आहे. फक्त झाकण नाही."

"कसलं झाकण?"

"तोंडाला."

ओंगमूचा नवरा नोर्देन हा मुका नव्हता, पण तशी शंका घ्यायला जागा होती. घरात बोलायचं जेवढं काही असतं ते या दोघी आपसात वाटून घ्यायच्या. त्याच्या वाट्याला उरायचं नाही, आणि त्याची त्याबद्दल तक्रारही नव्हती. बर्फ वितळलं की तो याक घेऊन वर जायचा, थंडी पडली की खाली यायचा, आणि मधल्या काळात काय काय झालं हे दोघींकडून वेगवेगळं ऐकून घ्यायचा.

तिबेटची वाट तेव्हा अजून उघडी होती. लोकरीचे गठ्ठे घेऊन माणसं येत, मिठाच्या गोण्या येत, अधूनमधून नकाशेवाले येत, रानफुलं गोळा करणारे येत. त्या उन्हाळ्यात मात्र कलकत्त्याहून डॉक्टर अनादिनाथ गुहा आले, ते खेचरांवर पिंजरे आणि काचेच्या बरण्या लादून. माणूस तरुण, उंच, नाकाचा शेंडा कायम सोललेला. औषध देणारा डॉक्टर नव्हे, जनावरांचा अभ्यास करणारा. हे गावाला पटवून देईपर्यंत त्यांना बरेच गुडघे आणि दात तपासावे लागले.

गोची निराळीच होती. ते पोचले तेव्हा शेतात जव वीतभर वाढला होता, म्हणजे डोंगर बंद झाला होता. जव वाढू लागल्यापासून तो खळ्यात येईपर्यंत यातांगमध्ये कुणी जीव मारत नाही. मारला की वरचे देव चिडतात आणि गारा टाकतात. दंड म्हणून चहाची वीट द्यावी लागते, पण वाकलेला जव काही विटेनं उभा राहत नाही.

झुमसा भरली. गावची बैठक म्हणजे झुमसा, आणि तिचा मुख्य पिपोन चेवांग. हा माणूस निर्णय देण्याआधी इतका वेळ हनुवटी खाजवायचा की तिथली दाढी कायमची गेली होती. प्रत्येक घरातून कुणीतरी बैठकीला बसलंच पाहिजे असा नियम. नोर्देन वर कुरणात, निमफूटीचे गुडघे डॉक्टरांनी नुकतेच तपासलेले, म्हणून ओंगमू आली होती. तिनं नुसतं बसायचं होतं. बोलायचं नव्हतं.

"डाक्टरबाबू, तुम्ही पाहुणे," पिपोन म्हणाला. "चहा प्या. राहा. डोंगर बघा. पण मारायचं नाही."

"पण मी आलोय त्यासाठीच," गुहा म्हणाले. "मोठं काही नाही हो. उंदीर, चिचुंद्री, बेडूक. छोटे छोटे जीव."

"गारासुद्धा छोट्या छोट्याच असतात."

डॉक्टरांनी हात जोडले. पिपोननं हनुवटी खाजवली. बैठक पेंगायला लागली. आणि मागून आवाज आला, "अहो, मारू नका ना! नुसते धरून ठेवा. जव कापला की मग मारा."

सगळे वळले. पिपोन बराच वेळ या बोलण्यातली चूक शोधत राहिला. ती सापडेना. शेवटी त्यानं गोंपातल्या, म्हणजे मठातल्या, लामांकडं बघितलं. लामा म्हणाले, "धरणं म्हणजे मारणं नव्हे." मग जरा थांबून म्हणाले, "चांगलंही नव्हे."

"पण तोवर त्या जिवांना पोसणार कोण?" पिपोननं विचारलं.

सगळी बैठक ओंगमूकडं वळली.

अशी ती शास्त्राच्या कामाला लागली.

डॉक्टरांच्या तुकडीबरोबर ती वरच्या दगडमाळांवर जाऊ लागली. डॉक्टर पिंजरा लावून दगडाआड श्वास रोखून बसत. ओंगमू बिळाशेजारी मांडी ठोकून बसे, लोकर कातत राही आणि बोलत राही. सासूबद्दल बोले, जवाबद्दल बोले, डॉक्टरांच्या नाकाबद्दल बोले.

"दीदी, जरा गप्प बसा," डॉक्टर कुजबुजत. "आवाजानं जनावर बाहेर कसं येईल?"

"गप्प बसतो तो शिकारी, डाक्टरबाबू. हे त्यांना कळतं. बडबडणाऱ्या बाईचं लक्ष दुसरीकडं असतं असं सगळ्यांना वाटतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा."

हे शास्त्र कितपत खरं होतं कोण जाणे. डॉक्टर अखेरपर्यंत म्हणत राहिले की ती बसायची त्या जागा चांगल्या होत्या, एवढंच. पण तिच्या टोपल्या भरायच्या. आब्रे तर तिला ढिगानं मिळत. आब्रा म्हणजे ससा आणि उंदीर यांनी न भांडता वाटून घेतलेलं जनावर. कान गोल, डोळे मण्यांसारखे, शेपटीचा पत्ताच नाही, आणि उन्हाळ्यात डोकं-मान-खांदे अशा तांबड्या रंगाचे की गळ्याभोवती शाल घेतल्यासारखं दिसावं.

घराचा पांजरपोळ झाला. पाण्याच्या पिंपात बेडूक. चहा घुसळायच्या जुन्या नळकांड्यात किडे. नोर्देनच्या हिवाळी बुटांत एकेक चिचुंद्री. आणि कोठारात टोपल्याच टोपल्या, त्यांत आब्रे. निमफूटी सकाळी लोणी काढायला गेली की दहा ठिकाणांहून कुणीतरी तिच्याकडं बघे.

"ओंगमू, बुटात कोण आहे?"

"चिचुंद्री आहे आमा. झाकण उघडू नका."

"तिला मारणार?"

"आत्ता नाही. जव कापल्यावर."

"म्हणजे मी तिला पोटभर खाऊ घालायचं, तिच्याकडं रोज बघायचं, आणि नंतर तू मारणार. अगं, कसाईसुद्धा इतका निर्दय नसतो, तो निदान ओळख तरी वाढवत नाही!"

"मग तुम्ही पण वाढवू नका ओळख. काल कुणाला 'बाळ' म्हणत होतात?"

"ते माझं मी बघेन."

आणि तिनं बघितलंच. पौर्णिमा आली. पौर्णिमेला जीव सोडणं हे निमफूटीचं जुनं व्रत होतं. एरवी ती बाजारातून एखादी मेंढी सोडवून आणायची. आता घरातच एवढे कैदी असताना मेंढीसाठी वाकडी वाट कशाला करायची? ओंगमू वरच्या तळावरून परतली तेव्हा अंगणात जपमाळ फिरत होती आणि सगळ्या टोपल्या उताण्या पडल्या होत्या.

"आमा! माझे आब्रे!"

"सोडले. बघ, कसे पळाले! डोक्याला लोणी लावलं, कानात दोरा बांधला, मंत्र म्हटला. लामांच्या वस्त्राच्या रंगाचे जीव, आणि तू त्यांना मारायला निघाली होतीस! माझं आयुष्य वाढलं की नाही बघ आता."

"तुमचं वाढलं, माझं कमी झालं!"

कानातला तांबडा लोकरीचा दोरा म्हणजे सुटलेल्या जिवाची खूण. त्याला पुन्हा कुणी मारायचं नाही. मारला तर ज्याच्यासाठी सोडला त्याचं आयुष्य तेवढं खुडलं जातं. ओंगमूनं पिपोनकडं धाव घेतली, पण पिपोन म्हणाला, "दोरेवाल्याला हात लावायचा नाही. बिनदोऱ्याचे शोध."

ती बिनदोऱ्याचे शोधून आणी. पुढच्या पौर्णिमेला सासू त्यांनाही दोरे बांधी. उन्हाळा सरत आला तोवर गावाजवळच्या सगळ्या आब्र्यांच्या कानांत दोरे झाले आणि डॉक्टरांच्या पदरात आब्र्याचं एकच तांबडं कातडं उरलं. तेही आपणहून मेलेल्याचं. त्याला कुणी मारलं नाही हे सिद्ध करायला ओंगमूला गोंपात शपथ घ्यावी लागली होती.

जव खळ्यात आला. डोंगर उघडला. डॉक्टर घाईघाईनं उन्हाळ्यातल्या माळांच्याही वरच्या दगडमाळावर गेले, पिंजरे लावले, आणि दोन दिवसांनी हातात एक आब्रा घेऊन धावत खाली आले. तो डोक्यापासून पायापर्यंत करडा होता. तांबड्याचा ठिपका नाही.

"दीदी, हा निराळा आहे! खाली तांबडे, वर करडे. हा अजून कुणाला सापडलेलाच नाही!"

तंबूत कातडं सोलता सोलता ते एवढे खूश होते की ओंगमू विचारील त्या प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होते. तिनं विचारलं, "निराळा म्हणजे याला नाव पण निराळं?"

"अर्थात. तांबड्याला एका साहेबाचं नाव आहे. याला नवं द्यायचं."

"तो साहेब इथं आला होता?"

"छे. तो इंग्लंडात बसलेला. कपाटं होती त्याची. त्याला कुणीतरी कातडं पाठवलं."

"थांबा. बिळातून काढलं एकानं, पाठीवरून वाहिलं दुसऱ्यानं, आणि नाव कपाटवाल्याचं?"

"असंच असतं ते."

"मग या करड्याला माझं द्या."

डॉक्टरांचा चाकू थांबला. ते हसणार होते. पण तिच्या तोंडाकडं बघून हसले नाहीत. इतका वेळ गप्प असलेली ओंगमू त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

"द्यायला हरकत काहीच नाही," ते हळूच म्हणाले. "जगात जिथं जिथं हा शिकवला जाईल, तिथं तिथं तुमचं नाव घेतील. फक्त आमच्या लॅटिन रीतीनं नावाला मागं एक शेपूट लावावं लागतं."

"लावा की! त्या बिचाऱ्याला तसंही नाहीये."

ही बातमी गावात पोचवायला तिला खडकावर चढावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बायका म्हणाल्या, "ओंगमू, तुझे भाऊबंद आमच्या भिंतीत बिळं करतात, जरा समजाव त्यांना." पिपोन म्हणाला, "आता डोंगराचा कर तूच भर, कुळं तुझी." निमफूटीनं तर कपाळावर हात मारला. "जित्या माणसाचं नाव जनावराला! उद्या लोक म्हणतील, कोल्ह्यानं ओंगमू खाल्ली."

ओंगमूनं सगळ्यांना उत्तरं दिली, खणखणीत दिली. पण याक घेऊन उतरलेल्या नोर्देनला तिनं खरं कारण सांगितलं. दोघं गोठ्याशी होते. ती म्हणाली, "हे घर तुझ्या नावाचं. गोंपातला मोठा दिवा आमांच्या नावाचा. मला मूल नाही. मी गेल्यावर माझं नाव कशाला असेल, सांग? निदान एक उंदीर तरी असू दे."

नोर्देननं मान हलवली. ती होकाराची आहे असं तिनं धरलं.

आता एकच नड होती. एका कातड्यावर कलकत्त्याचे लोक विश्वास ठेवणार नाहीत, असं डॉक्टर म्हणत होते. आणखी करडे हवेत आणि बर्फ तोंडावर आलंय. ओंगमू टोपली आणि फासे घेऊन एकटीच निघाली. चढता चढता तिनं स्वतःचं नाव शेपूट लावून, शेपूट काढून, मोठ्यानं, हळू, सगळ्या तऱ्हांनी म्हणून बघितलं. छान वाटत होतं.

दुपारी फासा ओढला गेला. तिनं झडप घातली. करडा! अंगानं गुबगुबीत, केस दाट, राखेसारखा रंग. "ये ग बाई ओंगमू!" ती म्हणाली आणि त्याला उचलून तोंडासमोर धरलं.

त्याच्या डाव्या कानात तांबडा दोरा होता.

ऊन असं लख्ख होतं की दिसलं नाही म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. तिनं गाठ बघितली. दोनदा फिरवून मागून ओढलेली. अशी गाठ खोऱ्यात एकच बाई मारायची, आणि तीच बाई गाठ कशी मारायची नाही हे ओंगमूला लग्नापासून ऐकवत आली होती.

"आमांनी एखादा करडा पण सोडला असेल," ती त्या आब्र्याला म्हणाली. "तूच तो. हो ना?" आब्रा तिची बाही चावत होता. तिनं त्याची मान बोटानं विस्कटली. वरचा करडा केस नवा, दाट. आणि कानामागं, खाली, अजून न झडलेली तांबड्या केसांची एक बारीक किनार.

घरी येऊन तिनं टोपलीवर घोंगडी टाकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमा, तुम्ही सोडले त्यांत एखादा करडा होता का हो?"

"करडा? करडा मी कशाला सोडीन? सगळे तांबडे. लामांच्या रंगाचे. का ग?"

"काही नाही."

"तू 'काही नाही' म्हणालीस म्हणजे काहीतरी मोठं आहे."

ओंगमू कात्री घेऊन गोठ्यात गेली. नोर्देन याकांच्या शेपटांतला काटा-कचरा काढत होता. तिनं टोपली उघडून त्याला दोरा दाखवला, रंग दाखवला आणि सगळं सांगितलं. करडा निराळा नाहीच, उन्हाळ्यातला तांबडाच थंडीत करडा होतो. हा दोरा डाक्टरबाबूंनी बघितला की नाव गेलं. आणि दोरा कापून दिला तर हे जनावर सोललं जाणार, आणि ज्या म्हातारीनं आपलं आयुष्य त्याच्या कानात बांधलंय तिचं काय?

नोर्देननं शेपटातला एक काटा उपटून टाकला. मग म्हणाला, "आमांना विचारून काप."

"विचारून! 'आमा, तुमचं आयुष्य जरा कापू का, मला नाव हवंय' असं विचारू?"

"मग नको कापू."

"आणि माझं नाव?"

"तू हाक मारलीस की सगळ्या खोऱ्याला कळतं कोण आहे ते."

"मी मेल्यावर कोण हाक मारणार?"

"कुणी नाही," नोर्देन म्हणाला. "याकांना चैन पडणार नाही." आणि आपण फार बोललो असं वाटून पुन्हा शेपटांकडं वळला.

तिनं कात्री दोऱ्याखाली सरकवली. एक दाब, की झालं. निमफूटीला कळणार नव्हतं. डॉक्टरांना कळणार नव्हतं. नोर्देनला कळलं असतं, पण त्याला कळणं म्हणजे दगडाला कळणं. ती त्या प्राण्याकडं बघत राहिली. उद्या कलकत्त्यात याला 'ओंगमू' म्हणतील. मग उन्हाळा येईल. वरच्या माळावरच्या सगळ्या ओंगम्या हळूहळू तांबड्या होतील. आणि तांबडा झाला की तो त्या कपाटवाल्याचा! म्हणजे दर उन्हाळ्यात आपण शाल पांघरून त्या मेल्या साहेबाच्या घरी नांदायला जायचं?

"नाही जमणार," ती मोठ्यानं म्हणाली. याक दचकले. "एकदा सासरी येऊन झालंय. दर वर्षी कोण जाणार?"

डॉक्टर तंबूत पेट्या बांधत होते. ओंगमूनं टोपली त्यांच्या मांडीवरच ठेवली. "हा घ्या करडा. आणि हा त्याचा कान."

डॉक्टरांनी कान बघितला. मग तिच्याकडं बघितलं. मग पुन्हा कान. त्यांचं सोललेलं नाक जास्तच तांबडं झालं.

"दोरा दुसऱ्या कुणी बांधला असेल."

"गाठ आमांची आहे."

"त्यांनी एखादा करडा सोडला असेल."

"विचारलं. नाही."

"दीदी, तुम्हाला समजतंय का तुम्ही काय म्हणताय? मी कलकत्त्याला माणूस धाडलाय! नवीन जात सापडली म्हणून कळवलंय!"

"मग दुसरा माणूस धाडा. हरवली म्हणून कळवा."

"आणि तुमचं नाव? ते तुम्हालाच नको झालं?"

"नको कसं होईल?" ओंगमूचा आवाज चढला तो असा, की बाहेरच्या खेचरांनी कान टवकारले. "मला तुमच्यापेक्षा जास्त हवंय! पण ही एकच जात आहे, डाक्टरबाबू. कानामागं बघा, जुना तांबडा केस आहे अजून. हा कोट बदलतो, माणूस नाही बदलत. खोट्या जनावराला माझं नाव लावलंत तर उद्या दुसरा कुणी येऊन ते खरवडून काढील, आणि मी तेव्हा भांडायला नसेन!"

डॉक्टर खाली बसले. माणूस मुळात भला होता. त्यानं कानामागचा केस विस्कटून बघितला, भिंगातून बघितला, आणि मग दोघांसाठी जवाची दारू, छांग, ओतली. बराच वेळ दोघं शोकसभेला बसल्यासारखे बसले.

"त्या साहेबाचं नाव काढून टाकता येत नाही का?" ओंगमूनं विचारलं.

"नाही. पहिलं नाव तेच राहतं."

"मेलेला माणूस. त्याच्याशी भांडताही येत नाही."

छांग संपत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पण दीदी, नवीन जात रोज कुणालातरी सापडते. एकच जनावर दोनदा रंग बदलताना मात्र इथं कुणी बघितलेलं नाही. एका दोऱ्यावर कुणी मानणार नाही. हाच प्राणी हिवाळाभर जिवंत राहिला, आणि उन्हाळ्यात पुन्हा तांबडा झालेला मी डोळ्यांनी बघितला, तर मानतील. ते काम कोण करणार?"

ओंगमूनं पेला पालथा घातला. "हिवाळ्यात मला दुसरं काम काय असतं? सासूशी भांडण."

भांडण लगेच सुरू झालं. "सोडलेला जीव पुन्हा कोंडणार?" निमफूटी दारात आडवी उभी राहिली. "माझं पुण्य आहे ते! पुण्य कुणी टोपलीत ठेवतं?"

"मारायचा नाहीये आमा. पोसायचाय. उन्हाळ्यात तुम्हीच सोडा."

"खरं?"

"गोंपात शपथ घेऊ? सवय झालीय मला आता."

सगळ्यात पहिल्यांदा दोघींनी आब्र्याला चुलीशी ठेवलं आणि तो मान टाकायला लागला. आब्र्याला ऊब सोसत नाही. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे देवघर, तिथं कधी जाळ नसतो. मग तो तिथं राहिला, बुद्धाच्या पायाशी, आणि हिवाळाभर देवापुढचं जवाचं पीठ खात राहिला. निमफूटी रोज पहाटे नवं पीठ ठेवी, मान वळवी, आणि पीठ संपे. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नैवेद्य पोचतोय," ती शेजारणीला म्हणाली. त्यानं तिच्या जपमाळेचा गोंडा खाल्ला, पोथीचं कापड कुरतडलं, ओंगमूच्या घोंगडीला भोक पाडलं. दोघी मिळून त्याला शिव्या देत. सासू-सुनेनं एकत्र शिव्या द्यायची त्या घरातली ही पहिलीच वेळ होती, आणि नोर्देन कोपऱ्यात बसून ते कौतुकानं ऐकत असे.

बर्फ वितळलं. कपाळावर एक तांबूस रेघ आली. मग मान. मग खांदे. ओंगमूनं झुमसा बोलवायला लावली. साक्षीदार हवेत ना! तो आब्रा हातोहात फिरला. म्हातारे त्याला उजेडात धरून वाद घालू लागले, हा तांबडा म्हणायचा की विटकरी. पिपोननं हनुवटी खाजवली, आब्र्यानं पिपोनचं बोट चावलं, आणि पिपोन ओरडला, "तांबडा! तांबडा आहे! घ्या त्याला!" त्यावर ठराव झाला.

खिंड उघडताच वर आलेले डॉक्टर बैठकीतच बसले होते. त्यांनी कान बघितला, गाठ बघितली, रंग बघितला, आणि तिथंच सगळ्या बैठकीसमोर सांगितलं, "जनावराचं नाव साहेबाचंच राहील. पण ते रंग बदलतं हे दाखवलं कुणी, हेही छापावं लागतं. तिथं मी लिहिणार, यातांगच्या ओंगमूनं."

बैठकीत कुणीतरी "वा" म्हणालं. ओंगमू म्हणाली, "एकटीचं नको. दोरा आमांचा आहे. निमफूटी पण लिहा."

"अजिबात लिहायचं नाही!" मागून निमफूटी उठली. "पुण्य बोलून दाखवलं की निम्मं होतं. छापलं तर काय उरेल?"

"आमा, पण दोरा तुम्ही बांधलात!"

"बांधला देवासाठी, कलकत्त्यासाठी नाही!"

"अहो, तुमच्याशिवाय कुणी मानलं असतं का? लिहा हो डाक्टरबाबू!"

"लिहिलंत तर गुडघे पुन्हा दाखवणार नाही तुम्हाला!"

"म्हणजे जन्मभर माझं नाव नको होतं तुम्हाला, आणि आता एकटीचं आहे तर कसं चालतं?"

"तुझं तोंड आहे तेवढं मोठं, तर तुझंच नाव लिहायला पाहिजे ना मोठ्यानं! माझं कशाला मध्ये?"

डॉक्टर लेखणी धरून उभे होते, एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. शेवटी त्यांनी 'ओंगमू आणि तिच्या घरचे' असं लिहायची तोड सुचवली, त्यावर दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडल्या. नोर्देननं हळूच सांगितलं की त्याला 'घरचे' चालेल. कुणी ऐकलं नाही.

या सगळ्यात टोपली मधोमध होती आणि तिचं झाकण कुणीतरी, बहुधा चावलेल्या बोटाच्या पिपोननं, नीट लावलं नव्हतं. लामांनी बोट दाखवलं तेव्हा आब्रा उंबरठा ओलांडून उन्हात पोचला होता. तिथं तो क्षणभर बसला, कान फडफडवले, आणि दगडमाळाकडं निघून गेला.

"बघा!" ओंगमू म्हणाली. "हिवाळाभर खाल्लं, आणि जाताना मागं वळून बघायची पद्धत नाही."

"मंत्र राहिला!" निमफूटी म्हणाली. "लोणी राहिलं! सोडला कुणी त्याला? ए चेवांग, झाकण तू काढलंस?"

"मी नाही," पिपोन बोट चोखत म्हणाला.

"डाक्टरबाबूंनी?"

"मी हातच लावला नाही."

"मग पुण्य कुणाचं?"

पिपोननं हनुवटीकडं हात नेला. ओंगमूनं आपली जागा धरली, मांडी ठोकली आणि लोकर काढली. ही बैठक लवकर संपणार नव्हती, आणि आज तिला बसायचंही होतं, बोलायचंही होतं.